खांदा दोन ओळी खाली

टाचणीचं डोकं पांढरं होतं आणि आईच्या तळहातावर ते एखाद्या दाण्यासारखं पडलं होतं — नाही, दाण्यासारखं नाही, लेकीने स्वतःला अडवलं, दाणा म्हटलं की पेरणं आलं, उगवणं आलं. हा नुसता ठिपका आहे. गेली दोन वर्षं तिला ही सवयच लागली होती. कशाला काही म्हणण्याआधी त्या शब्दाला चिकटून आलेलं सगळं झटकून टाकायचं, आणि झटकता झटकता पुष्कळदा हातात काहीच उरायचं नाही.

"पायात गेली असती," आई म्हणाली. "ओट्यापाशी पडली होती. ऑफिसातल्या टाचण्या घरात कशाला आणतेस?"

"काल बोर्ड इथेच टोचत बसले होते ना. त्या बाईंसाठी."

"ज्यांना दिसत नाही त्या?"

"हो."

आईने टाचणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, बोटाने जरा आत सरकवली. सत्तरी ओलांडल्यापासून ती वस्तू अशा ठेवते, जणू ठेवलेली वस्तू परत निघून जाईल. "तिकडे कुणी आहे की नाही तेच माहीत नाही आणि तुमचा निरोप तयार," ती म्हणाली. "इकडे मी आहे हे तरी नक्की माहीत आहे, तर मला सांगत नाहीस संध्याकाळी कधी येणार ते."

"आज उशीर होईल. आज जाणार आहे तो."

"कोण?"

"निरोप, आई."

"मग नीट जा म्हणावं," आई म्हणाली आणि कपबशी विसळायला वळली.

रस्त्यावर उन्ह स्वच्छ होतं. चौकात सिग्नलच्या डब्यात हिरवा माणूस चालत होता — गोल डोकं, मान नाही, हातांना पंजे नाहीत — आणि त्याच्याकडे पाहून खरीखुरी माणसं मुकाट चालायला लागत होती. कुणालाही प्रश्न पडत नव्हता की हा कोण, हा कुठे चाललाय, त्याचं डोकं धडापासून सुटलेलं कसं. कारण आपल्याला आधीच माहीत असतं. ज्याला आधीच माहीत आहे त्याला काहीही कळतं... बोर्ड बगलेत धरून ती रस्ता ओलांडत होती आणि कापडाखालच्या टाचण्यांची डोकी तिला बरगडीला जाणवत होती.

दूरच्या ताऱ्यांकडे पाठवायचा हा निरोप म्हणजे खरं तर दोनच सूर होते, एक जाड आणि एक बारीक, एकामागून एक असे काही हजार. पण त्यांची एकूण संख्या अशी निवडली होती की त्यांचा आयत रचायचा तर एकाच मापाचा जमावा, दुसऱ्या कुठल्याही मापाचा नाही. तो जमला की जाड सुराच्या जागी ठिपका, बारीक सुराच्या जागी रिकामं. मग वर आकडे, आकड्यांखाली मूलद्रव्यं, त्याखाली आपला सूर्य आणि त्याच्यापासून आपण कितवे ते, आणि सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात तिचं चित्र. एक मोठी आकृती, एक लहान. मोठीचा हात लहानीच्या खांद्यावर.

त्या कोपऱ्यासाठी ती भांडली होती. आधीच्या आराखड्यात नुसते एक पुरुष आणि एक बाई होते, शिंप्याकडे मापाला उभे राहिल्यासारखे ताठ. ती म्हणाली होती, हे काय सांगतं? आपण दोन प्रकारचे असतो, एवढंच. आपण लहान असतो हे कुठे आहे? मोठं होईपर्यंत कुणीतरी धरून ठेवावं लागतं, हे कुठे आहे? रसायनवाल्यांना त्या कोपऱ्यात आणखी एक रेणू घालायचा होता. त्यांनी तोंडं वाकडी केली. पण प्रमुखांनी — गट त्यांचा, शब्दही त्यांचा — शेवटी तिला कोपरा दिला. मला तो मिळाला तेव्हा मी घरी जाऊन आईला सांगितलंही नाही. काय सांगणार, की एक कोपरा मिळाला?

बैठकीच्या खोलीत निरोप परक्यासारखा उलगडून पाहणारे चार वाचक टेबलाच्या एका बाजूला बसले होते. तीन आठवडे त्यांना दुसऱ्या इमारतीत ठेवलं होतं, हाती नुसती सुरांची ओळ देऊन, कुणाशी बोलायचं नाही, काही विचारायचं नाही. तिघांनी आयत जमवला होता, आकडे ओळखले होते, मूलद्रव्यांपाशी एकजण अडखळला होता पण सावरला होता. आणि कोपऱ्याबद्दल तिघांचंही एकच — आई आणि मूल, बघताक्षणी.

"बघताक्षणी," तिने मनात म्हटलं. म्हणजे यांचा काही उपयोग नाही.

चौथ्या बाई गणिताच्या प्राध्यापिका होत्या, जन्मापासून न दिसणाऱ्या. त्यांनी सुरांची ओळ बोटांनी वाचली होती, उठावाच्या ठिपक्यांवर. आज चित्र मोठं करून हवं होतं म्हणून तिने बोर्ड आणला होता. तो त्यांच्यापुढे ठेवताना तिला वाटलं, परीक्षेचा पेपर आपणच काढला आणि आपणच देतो आहोत.

बाईंनी दोन्ही हात टेकवले. बोटं वरून खाली उतरली, थांबली, परत चढली.

"मला एक गोष्ट फार उशिरा कळली," बाई म्हणाल्या. "हे चित्र लांबून पाहिलेलं आहे. तुम्ही माणसाला लांबून ओळखता ना. मी जवळूनच ओळखते, त्यामुळे मला माणसाची कड अशी कधी लागतच नाही. पाठ लागते, मनगट लागतं. ते एकदा ध्यानात आलं आणि मग जमलं. दोन माणसं आहेत. एक मोठं, एक लहान."

प्रमुखांनी समाधानाने मान हलवली, मग ते त्यांना दिसणार नाही हे लक्षात येऊन, "बरोबर," म्हणाले.

"फक्त एक विचारायचं होतं. मोठ्या माणसाने लहानाच्या तोंडावर हात का ठेवलाय?"

कुणीतरी हसलं. तिला वाटलं ती स्वतःच हसली. पण तिचे ओठ मिटलेले होते.

"खांद्यावर," ती म्हणाली. "तो हात खांद्यावर आहे."

"खांदा दोन ओळी खाली आहे." बाईंचं बोट हललं आणि थांबलं. "हे बघा. हात इथे संपतो. इथे डोकं आहे, आणि डोक्याच्या खालच्या अर्ध्यात हात शिरलेला आहे. मी पुन्हापुन्हा पाहिलं, माझीच चूक असेल म्हणून. लहानाला गप्प केलंय, असं वाटतं. किंवा श्वास घेऊ देत नाहीये."

"झालं," तारवाला म्हणाला. अँटेनाचं काम त्याच्याकडे होतं आणि सगळे त्याला तारवालाच म्हणत. "पहिल्याच ओळखीत गळा दाबून मोकळे."

या वेळी बरेच जण हसले. तिने वाकून बोर्डाकडे पाहिलं आणि तिला खांदा दिसला, खांद्यावर हात दिसला, रोज दिसायचा तसा. मग तिने डोळे मिटून बोट ठेवलं. हाताची टाचणी, तिच्या पुढची टाचणी, आणि पुढे लगेच... तिचं बोट डोक्यात होतं. हे तिने स्वतः मांडलं होतं. एकेक ठिपका. हजार वेळा पाहिलं होतं.

मी हजार वेळा पाहिलं आणि मला खांदा दिसला.

"दोन ठिपके खाली घ्या, संपलं," प्रमुख म्हणाले. "चार वाजता अँटेना आपल्याला मिळतोय, त्यानंतर तो दुरुस्तीला जाणार. पुढच्या वर्षी वर कोण बसलेलं असेल आणि त्यांना हे पसंत असेल की नाही, देव जाणे. तीनपर्यंत जमत नसेल तर कोपरा काढून टाकू. रेणू तयारच आहे."

रसायनवाल्यांपैकी एकाने खिशाला पेन लावलं. नुसतं पेन लावलं. पण तिला ते ऐकू आलं.

तिच्या खोलीत गणिताच्या बाई खुर्चीवर बसल्या आणि ती टाचण्या काढत, टोचत राहिली. हात दोन ओळी खाली घेतला तर लहानीच्या छातीवर आडवा आला. "ढकलतंय," बाई म्हणाल्या. एक रकाना मागे घेतला, तर हात हवेतच राहिला. "मारायला उगारलाय?" डोक्यावर ठेवला. "दाबतंय. बुडवतंय असंही वाटेल." प्रत्येक वेळी बाई शांतपणे, जरा अपराधी सुरात सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी तिला वाटत होतं की या बाईंना चित्र नाही, दुसरंच काहीतरी बोटाला लागतं आहे. टाचण्या निसटत होत्या.

आणि मग तो वास आला. खळीचा. आंबूस, ओला, गार खळीचा वास, नाकाच्या अगदी खाली, कारण तळहात तोंडावर गच्च होता, आणि दारावर थाप पडत होती. दुपार होती. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, दोन खोल्या, दार जिन्यावर उघडणारं. बाबा घर सोडून गेले त्याला किती दिवस झाले होते कुणास ठाऊक, मी सात वर्षांची होते. आणि बाहेरून बाबा हाक मारत होते, आईला नाही, मला, लाडाच्या नावाने, दोनदा, तीनदा. आईने माझं तोंड दाबून धरलं होतं. तिच्या हाताला बाइंडिंगच्या कारखान्यातल्या खळीचा वास होता. मग थाप थांबली. मग चपला जिना उतरत गेल्या. ते परत कधी आले नाहीत. ती कॉलेजात असताना दुसऱ्याच कुठल्या गावात ते वारल्याचं कळलं, तेही तिसऱ्याकडून.

याबद्दल ती आईशी कधी बोलली नव्हती. रागावलीही नव्हती, निदान तसं तिला वाटत होतं. आई एकटी, दोन खोल्या, तिचं काय चुकलं? पण कुणी 'आपण निरोप पाठवावाच का, गप्प राहिलेलं काय वाईट' असं बैठकीत म्हटलं की तिचा आवाज चढायचा, नको इतका चढायचा, आणि तारवाला म्हणायचा, यांना कुणीतरी पाणी द्या.

"बाई, मी पाच मिनिटांत आले," ती म्हणाली.

जिन्याच्या वळणावर उभं राहून तिने घरी फोन लावला. खूप वेळ वाजला. आई फोनपाशी पोचते तोवर समोरच्याचा धीर सुटतो.

"काय गं? गेला का तुमचा निरोप?"

"नाही अजून. आई, एक विचारू? आपण त्या वरच्या खोल्यांत होतो तेव्हा... बाबा एकदा आले होते. दुपारी. दार वाजवत होते."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.

"आज मध्येच कुठून काढलंस?"

"तू माझं तोंड दाबून धरलं होतंस."

"मी?"

"मी ओरडू नये म्हणून. मला आठवतं. तुझ्या हाताला खळीचा वास होता."

"खळीचा वास कुठला?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती हिशेब चुकल्यासारखी चुळबुळ होती. "कारखान्यात मी नंतर लागले. तू तिसरीत गेलीस तेव्हा. त्या वेळी मी घरीच होते, म्हणून तर दुपारची घरात सापडले ना त्याला."

तिने कठडा धरला. खालून कुणीतरी वर येत होतं, तिने भिंतीकडे तोंड केलं.

"आणि तोंड मी नाही दाबलं," आई म्हणाली. "तू दाबलंस. माझं."

"काय?"

"मी उठले होते दार उघडायला. कडीला हात घातला होता माझा. 'थांबा, आले' म्हणणार, तर तू मागून आलीस, मध्ये उभी राहिलीस. तुला बाजूला करायला वाकले तर दोन्ही हात ठेवलेस माझ्या तोंडावर. असे गच्च, की दात लागले ओठाला."

"मग तू उघडलं का नाहीस?"

"तुझे डोळे बघून," आई म्हणाली. "मला वाटलं, हिला काहीतरी माहीत आहे. पोरांना कळतं. मी नसताना काही झालं असेल, काही बोलला असेल. मग मी नाही उघडलं."

"मला काय माहीत होतं, आई?"

"घ्या! ते मी तुला विचारायचं, तर तूच मला विचारतेस."

"तू विचारलं नाहीस कधी."

"तूही सांगितलं नाहीस. म्हटलं, नको असेल सांगायला." मग पुन्हा, वेगळ्या आवाजात, "जेवलीस का?"

"हो," ती खोटं बोलली आणि फोन ठेवला.

जिन्यात कुणी नव्हतं. तिने सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत जाऊन पाहायचा प्रयत्न केला. काय होतं तिथे? भीती? कशाची? बाबांनी कधी हात उगारल्याचं तिला आठवत नव्हतं. पण तिला तर खळीचा वासही आठवत होता, जो नव्हताच. कदाचित आई म्हातारपणी स्वतःसाठी बरी गोष्ट रचून बसली असेल. कदाचित मी लहानपणीच माझ्यासाठी बरी गोष्ट रचली असेल. दोघींपैकी एकीच्या तोंडावर हात होता, एवढं खरं. आणि तो हात एकीने घातला, दुसरीने वाचला, दुसरीने तो वाचून दार बंद ठेवलं. कदाचित मुलीला फक्त आईने आपल्याला सोडून उठू नये असं वाटत होतं. एवढंच. कदाचित तिला खेळ वाटला होता...

ती पायरीवर बसली आणि मग, तीन जवळ येत असणार म्हणून, उठली.

गणिताच्या बाई तशाच बसल्या होत्या, बोटं बोर्डावर. "मी मघाशी बोलले ते तुम्हाला लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही बरोबर वाचलंत."

तिने मोठीचा हात सगळाच काढला. मग लहानीच्या खांद्याच्या पातळीवर, दोघींच्या मधल्या रिकाम्या जागेत, एकापुढे एक टाचण्या टोचत गेली, या धडापासून त्या धडापर्यंत, मध्ये कुठे पंजा नाही, जाडी नाही, टोक नाही.

बाईंचं बोट डावीकडून उजवीकडे गेलं. मग उजवीकडून डावीकडे.

"हात कुणाचा आहे हा?"

"तुम्हाला कुणाचा वाटतो?"

"इकडून निघाले तर मोठ्याचा. तिकडून निघाले तर लहानाचा." बोट पुन्हा फिरलं. "धरून ठेवलंय की अडवलंय तेही सांगता येत नाही. तुम्हाला असंच हवंय?"

"हवंय असं नाही," ती म्हणाली. "पण याहून जास्त मला ठाऊक नाही."

बाई म्हणाल्या, "मघासारखी भीती नाही वाटत. पण कळलं असंही वाटत नाही." आणि त्यांनी हात मांडीवर घेतले.

प्रमुखांनी नवीन चित्र पडद्यावर पाहिलं, मान तिरकी केली. "आधीचं जास्त मायेचं होतं," ते म्हणाले. गणिताच्या बाईंनी सांगितलं की आता कुणी कुणाचा जीव घेत नाहीये, आणि रसायनवाला आपला रेणू घेऊन खुर्चीत मागे टेकला. प्रमुखांनी सही केल्यासारखी बोटाने टेबलावर रेघ ओढली. "जाऊ द्या."

चार वाजता सगळे नियंत्रणाच्या खोलीत दाटीने उभे होते. तारवाल्याने कळ दाबली आणि काहीच झालं नाही, म्हणजे ऐकू येण्यासारखं, दिसण्यासारखं काही नाही; एका पडद्यावर एक रेघ थरथरत पुढे सरकू लागली, एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आता परत बोलावता यायचं नाही," तारवाला म्हणाला, हसत, पण त्याच्या कपाळावर घाम होता. कुणीतरी तिच्या पाठीवर थोपटलं. ती रेघेकडे पाहत राहिली. आत्ता आकडे जात असतील. आत्ता मूलद्रव्यं. कोपरा सगळ्यात शेवटी.

मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. फक्त तिची उभं राहायची जागा बदलली होती. इतकी वर्षं ती दुपार आठवली की ती दाराच्या आतच उभी असायची, हाताखाली किंवा हात धरून, दार बंद, कडी डोळ्यांसमोर. आज पहिल्यांदाच ती बाहेर होती. जिन्यावरचा तो अरुंद चौक, भिंतीचा पोपडा, आणि दारासमोर एक माणूस, ज्याचा चेहरा तिला नीट आठवत नाही. तो थाप मारतो. थांबतो. हाक मारतो. थांबतो. आतून त्याला मिळतं ते एवढंच, की काही नाही. ते घेऊन तो उभा आहे. त्याचा त्याला काहीतरी अर्थ लावायचा आहे, कारण पुढची पायरी उतरायची की पुन्हा थाप मारायची ते त्यावर ठरणार आहे. आणि तो लावतो, काहीतरी लावतो, आणि तोच घेऊन जिना उतरतो, आणि पुढची सगळी वर्षं तोच त्याच्याजवळ असणार.

पण त्याआधी, वळण्याआधी, त्याने दाराला कान लावला असेल. लावलाच असेल. दार पातळ होतं. आत दोघी इतक्या जवळ होत्या, कडीपासून हातभर अंतरावर, आणि कुणाच्या का असेना, नाकातून जोराने श्वास चालला होता...

रेघ पडद्याच्या टोकाला पोचली होती. कोपरा निघाला होता. तिने श्वास धरून ठेवला आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि तरी तो तिला सोडता येईना, कारण ती ऐकत होती, बाहेरून, कान लाकडाला लावून ऐकत होती, की आत कुणी आहे का.